विंचू उतरतो, पण विष उतरते का?

आपल्या दोंडाईचा-नंदुरबार भागात मिरचीच्या पथारीवर, वीटभट्टीवर किंवा शेतात राबणाऱ्या माय-बहिणींना विंचू नवा नाही. गोणपाट उचलले, सरपणाला हात घातला की तो निघतो. मग धावाधाव होते. कोणी चिंचोका उगाळून लावतो, कोणी विंचू उतरवणाऱ्याला बोलावतो. तो मंत्र पुटपुटतो, फुंकर मारतो. दोन-तीन तासांनी कळ ओसरते आणि घरातली माणसे त्याला नारळ देतात. असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळीही पावले तिकडेच वळतात. आणि त्या अकराव्या वेळी एखादे लेकरू हातचे जाते.

हे असे का होते, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरने शोधले आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरीब शेतकरी कुटुंबातले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवू लागले. त्यांच्या लक्षात आले की मृत्यू वेदनेने होत नाही. विषामुळे शरीरात एक प्रकारचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. ही निरीक्षणे 1982 मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत छापून आली.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होती. ती या रुग्णांना दिली तर? पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी तो उपचार केला आणि 1986 मध्ये त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. या गोळीपूर्वी फुप्फुसात पाणी झालेल्या शंभरांपैकी पंचवीस-तीस रुग्ण दगावत. गोळी आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. ही गोळी महागडी नाही. तिच्यासाठी मोठे यंत्र लागत नाही.

संशोधन तेथेच थांबले नाही. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडचाच आणखी एक अभ्यास आला. 70 रुग्णांचे दोन गट केले. 35 जणांना फक्त प्राझोसिन, तर 35 जणांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरची लसही दिली. दहा तासांनी लस घेतलेल्यांपैकी 32 जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातले 8. म्हणजे गोळी जीव वाचवते आणि सोबत लस असेल तर रुग्ण लवकर सावरतो. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता मंत्राचे कोडे उलगडते. पुष्कळ दंशांत फक्त कळ असते, ती वेळ गेल्यावर आपोआप थांबते आणि श्रेय मंत्राला मिळते. खरा घात उलट असतो. विष अंगात भिनते तेव्हा पुष्कळदा दंशाच्या जागी फारसे दुखतही नाही. लेकरू शांत झाले म्हणून आई निर्धास्त होते, आणि आत हृदय झगडत असते. मोठ्या काळ्या इंगळीला आपण भितो, पण घातक असतो तो लहान लाल विंचू.

म्हणून वेदनेवर भरवसा ठेवू नका. खुणा ओळखा : अंगभर दरदरून घाम, वारंवार उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, खोकला, धाप. लहान मुलग्याचे लिंग ताठ होते, हीही विषाची खूण आहे. संकोच न करता ती डॉक्टरांना सांगावी. मात्र खुणा दिसेपर्यंत वाट पाहू नये. लहान मूल असेल तर लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, गाडी नसेल तर 108 ला फोन करावा. जागा कापू नये, दोरी आवळू नये, रुग्णाला चालवू नये. गोळी घरी देऊ नये, तिची मात्रा वजनावर ठरते. ती दिल्यावर मुलाला उचलून उभे करू नये, रक्तदाब एकदम उतरू शकतो. नुसती कळ असेल तर डॉक्टर ती जागा बधिर करणारे इंजेक्शन देतात.

रात्री चप्पल झटकून घालावी, भिंतीच्या भेगा बुजवाव्यात, बाज भिंतीपासून दूर ठेवावी.

ज्यांच्या पायात चप्पल नाही आणि घराला पक्की भिंत नाही, त्यांनाच विंचू जास्त डसतो. त्यांच्यासाठी एका खेड्यातल्या दवाखान्यात औषध सापडले आहे. उतरवणाऱ्याच्या दारात घालवलेले दोन तास दवाखान्याच्या वाटेवर घालवा, एवढीच विनंती.