‘उडवले’ लिहिलं की झालं?

गेल्या वर्षी एका वेबसाइटवर इंटर्नशिप करत होते. दुसऱ्याच दिवशी काम हातात पडलं. फोटो गॅलरी करायची. दहा फोटो, प्रत्येकाखाली चाळीस शब्द. विषय : ‘करोडपती ते कंगाल, हे दहा कलाकार’.

अशा गॅलऱ्या तुम्ही पाहिल्यात. नाही म्हणू नका, रात्री दोन वाजता आपण सगळेच त्या पाहतो.

तर मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहाच्या दहा फोटो उरकले. शेवटचं एकदा वाचायला घेतलं आणि दिसलं की दहापैकी सात ठिकाणी मी एकच शब्द लिहिलाय. ‘उडवले’. दारूत उडवले, गाड्यांत उडवले, पार्ट्यांमध्ये उडवले. हा शब्द मी आणला कुठून? आधीच्या एका गॅलरीवरून. ती कुणी लिहिलेली? बहुतेक माझ्याच वयाच्या कुठल्यातरी इंटर्नने, जेवणाच्या सुट्टीआधी.

गॅलरी मस्त चालली म्हणे. माझ्या डोक्यात मात्र पहिल्या फोटोतला माणूस बसून राहिला. भगवानदादा.

गिरणी कामगाराचा मुलगा. भगवान आभाजी पालव. स्वस्तातले स्टंटपट काढून काढून इतका पुढे गेला की चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभा केला. १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता तेच, दिग्दर्शक तेच, हिरोही तेच. सोबत गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं. पिक्चर तुफान चालला. त्यातल्या गाण्यांवर आजही वरातीत लोक नाचतात आणि त्या दोन बोटं वर करून हळूच डुलणाऱ्या स्टेपला आपण ‘भगवानदादा डान्स’च म्हणतो. पुढची गोष्ट गॅलरीवाल्यांना पाठ असते : जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांसाठी सात गाड्या, आणि शेवट दादरच्या चाळीत. ४ फेब्रुवारी २००२ ला दादा गेले ते तिथेच.

सात गाड्या वाचल्या की आपल्याला बरं वाटतं. खोटं कशाला बोला, मलाही वाटलं. म्हणजे चूक त्यांचीच होती. आपण काय सात गाड्या घेणार नाही, त्यामुळे आपलं असं होणार नाही. विषय संपला.

पण जरा हिशोब बघा. सात गाड्यांनी माणूस बुडत नाही, गाड्या विकता येतात. ‘अलबेला’चे पैसे दादांनी पुन्हा सिनेमातच घातले. ‘झमेला’ काढला, मग ‘लाबेला’. ‘अलबेला’ची जादू पुन्हा जमली नाही. किशोरकुमारला घेऊन ‘हंसते रहना’ सुरू केला, त्यात होतं नव्हतं ते लावलं, आणि तो सिनेमा पूर्णच झाला नाही. आता अर्धवट सिनेमा म्हणजे काय, तर ज्याची एक रुपयाही किंमत येत नाही असा माल. अर्धं घर विकता येईल, अर्धा पिक्चर कोण घेणार?

मग स्वतःचं कशाला लावलं, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्याचं मिळत नव्हतं म्हणून. सिनेमा हा उद्योग आहे हे आपल्या सरकारने जाहीर केलं १९९८ मध्ये. त्याआधी बँका सिनेमाला दारात उभं करत नसत. पैसा आणायचा तर सावकाराकडून, चढ्या व्याजाने, नाहीतर स्वतःचं घर गहाण टाकून. आणि कमावलेला पैसा तरी धड कुठे ठेवता येत होता? १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. हो, बरोबर वाचलंत. वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांपैकी सव्वादोन रुपये तुमचे. अशा काळात इंडस्ट्रीत अर्धा व्यवहार ‘व्हाइट’ आणि अर्धा ‘ब्लॅक’ झाला नसता तरच नवल. मी त्याचं समर्थन करत नाहीये. पण ब्लॅकच्या पैशाची एक गंमत असते. तो मिरवता येतो, साठवता येत नाही. बँकेत टाकता येत नाही म्हणून तो कुणा मित्राच्या नावावर ठेवायचा, कुठेतरी प्लॉटमध्ये टाकायचा, कुणाच्या पिक्चरमध्ये लावायचा. मित्र फिरला तर? पोलिसांत जाऊन सांगणार काय?

आणि ज्यांनी काहीच उडवलं नाही त्यांचं काय करायचं? भगवानदादांच्या तीनच आठवडे आधी, जानेवारी २००२ मध्ये, विठाबाई नारायणगावकर गेल्या. तमाशासम्राज्ञी, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या. फडावर नाच सुरू असताना कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. शेवटी दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. कुठल्या गाड्या, कुठला बंगला? तमाशाचा फड उभा राहतो तोच मुळी उचल घेऊन. सीझनच्या आधी कर्ज काढायचं, कलाकारांना उचल द्यायची, ट्रक, तंबू, डिझेल, आणि यात्रांच्या दिवसांत रोज रात्री गावोगाव नाचून ते फेडायचं. अवकाळी पावसाने चार यात्रा बुडाल्या की ते कर्ज पुढच्या सीझनच्या डोक्यावर. विठाबाईंचा फोटो कुठल्या गॅलरीत नसतो, कारण त्यात ‘उडवले’ लिहायला जागाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही इंटर्नबाई सगळ्यांनाच साधू ठरवायला निघाली. नाही हो. उडवणारे असतातच. निकोलस केज घ्या. हॉलिवूडचा स्टार. किल्ले घेतले, बेट घेतलं, डायनोसॉरची कवटीसुद्धा घेतली. ती मंगोलियातून चोरून आणलेली निघाली आणि परत द्यावी लागली, ते वेगळंच. २००९ मध्ये त्याच्या नावावर साठ लाख डॉलरहून जास्त कर थकला होता. त्याने आपल्या मॅनेजरवर खटला भरला आणि मॅनेजरने कोर्टात सांगितलं की मी तर याला आधीच सांगत होतो, जरा हात आवर. वेस्ली स्नाइप्स तर रिटर्नच भरत नव्हता. तो तीन वर्षांच्या शिक्षेवर २०१० मध्ये तुरुंगात गेला. त्यांच्यासाठी माझ्याकडे फार सहानुभूती नाही. केजबद्दल एवढंच म्हणेन की तो दिवाळखोरीच्या अर्जामागे लपला नाही. मिळेल तो पिक्चर केला आणि देणं फेडलं. आपण ज्या सिनेमांवरून त्याचे मीम्स बनवतो ना, त्यातले बरेच त्या हप्त्यांचे आहेत.

पण मला त्याहून जास्त पटलेली गोष्ट विली नेल्सनची आहे. अमेरिकेतला कंट्री गायक, दोन वेण्या, डोक्याला रुमाल. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथल्या प्राप्तिकर खात्याने त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. थकबाकी १ कोटी ६७ लाख डॉलर! त्याने पैसे लपवले होते का? नाही. सल्लागारांनी सांगितलं की अमुक योजनेत पैसे घाला, कर वाचेल. त्याने घातले. पुढे खात्याने ती सवलतच अमान्य केली आणि इतक्या वर्षांचा कर, व्याज, दंड सगळं एकदम समोर आलं. त्याची ‘ट्रिगर’ नावाची जुनी गिटार तेवढी लेकीने आधीच हलवून त्याच्याकडे पोहोचवली होती. लिलावात निघालेल्या त्याच्या वस्तू चाहत्यांनी विकत घेतल्या आणि त्यालाच परत दिल्या. मग त्याने नुसती गिटार घेऊन एक अल्बम केला, त्याच्या नावातच आयआरएस म्हणजे प्राप्तिकर खातं घातलं, फोनवर ऑर्डर घेऊन विकला आणि पैसे खात्याला दिले. १९९३ मध्ये हिशोब मिटला.

भारी गोष्ट आहे. पण त्यातली मला छळणारी ओळ वेगळीच आहे. ‘सल्लागारांनी सांगितलं.’ इतकी गाणी लिहिणारा माणूस, आणि स्वतःच्या सहीखालचा कागद दुसऱ्याच्या भरवशावर.

हे आपल्याइतकं कुणाला लागू आहे सांगा. आज आपल्यातला प्रत्येकजण अर्धा कलाकार आहे. कुणी रील करतं, कुणी एकांकिकांमधून सीरियलमध्ये गेलंय, कुणी लग्नात गातं, कुणी पॉडकास्ट एडिट करतं. पगार कुणालाच नाही, ‘पेमेंट’ सगळ्यांना आहे. आणि पगार आणि पेमेंट यात फरक काय, हे कुणीच सांगत नाही. पगारात कर आधीच वळता होतो. पेमेंटमध्ये कंपनी साधारण दहा टक्के टीडीएस कापते आणि उरलेले आपल्याला देते. आपल्याला वाटतं, टॅक्स कापला, विषय संपला.

समजा, एखाद्या सीरियलच्या हिरोइनला दिवसाचे १५ हजार मिळतात आणि महिन्याला वीस दिवस शूट आहे. वर्षाचे ३६ लाख. टीडीएस कापला गेला ३ लाख ६० हजार. सध्याच्या नव्या करप्रणालीत, खर्चाची वजावट धरली नाही तर, तिचा कर होतो जवळपास ६ लाख ८६ हजार. म्हणजे सव्वातीन लाख तिने स्वतःहून भरायचे आहेत, तेही वर्ष सुरू असतानाच, चार हप्त्यांत. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. शिवाय वर्षाची कमाई २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. तो १८ टक्के बिलात वर लावून घ्यायचा असतो. ज्याला हे माहीत नाही त्याच्या तो खिशातून जाऊ शकतो. तिला यातलं काहीच माहीत नसेल आणि दरम्यान सीरियल बंद पडली असेल, तर कर मागितला जातो मागच्या वर्षीच्या कमाईवर, आणि द्यायचा असतो या वर्षीच्या रिकाम्या खात्यातून. बहुतेक मोठ्या कलाकारांची करभानगड बघा, मुळाशी हेच एक वर्षाचं अंतर असतं. कमाई थांबते, हिशोब थांबत नाही.

हां, सगळेच बुडतात असं नाही. अमिताभ बच्चन यांची एबीसीएल कंपनी बुडाली तेव्हा डोक्यावर सुमारे ९० कोटींचं देणं होतं, हे त्यांनीच सांगितलंय. भगवानदादांनी केली तीच चूक, आपल्याच क्षेत्रात आपलाच पैसा. २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ आलं, त्यांनी देणं फेडलं. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण दादांच्या वेळी कुठलं केबीसी होतं? त्यांना रिपीट टेलिकास्टचे पैसेही नव्हते. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क आपल्या कायद्यात पक्का झाला २०१२ मध्ये. पडद्यावर नाचणाऱ्याला आजही आपल्याकडे एकदाच पैसे मिळतात, मग ते गाणं सत्तर वर्षं वाजो.

आणि आमच्या मास कॉमच्या अभ्यासक्रमात काय होतं? कॅमेरा अँगल, बातमीचा इंट्रो, बदनामीचा कायदा. बिल कसं करायचं, यावर तीन वर्षांत एक तास नाही. नाट्यशिबिरांमध्येही आवाजाचे व्यायाम असतात, करारनाम्याचे नसतात. पैशाबद्दल बोलणं म्हणजे कलेशी बेइमानी, असला काहीतरी समज आपण जपून ठेवलाय.

आमच्या एकांकिकेच्या ग्रुपमधला एक मित्र मालिकेत हिरोचा धाकटा भाऊ झाला. दिवसाचे तीन हजार. आम्ही पार्टी घेतली, त्याच्या गावात फ्लेक्स लागला. पैसे हातात यायला नव्वद दिवस लागतात हे त्याला शूट सुरू झाल्यावर कळलं. तोवर गोरेगावला भाड्याची खोली आणि हप्त्यावर बाइक घेऊन झाली होती, कारण सेटवर रिक्षाने उतरणं बरं दिसत नाही. आठ महिन्यांत मालिका बंद झाली. दोन आठवडे आधी सांगितलं. फ्लेक्स अजून होता, गावी जाणं अवघड झालं. बाइक गेली. आमच्याच ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘यानं सगळं उडवलं वाटतं’.

मी त्याला विचारलं, टीडीएस किती कापलाय? म्हणाला, कापले म्हणजे गेले ना.

नोव्हेंबरमध्ये एका रविवारी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. प्राप्तिकराच्या पोर्टलवर त्याच्या पॅनवर कापलेली रक्कम दिसत होती, ३८ हजारांच्या आसपास. त्याची वर्षाची कमाई पाहता कर बसतच नव्हता. सगळं परत मिळणार होतं, फक्त रिटर्न भरायचा होता आणि मुदत उलटल्याचे हजार रुपये द्यायचे होते. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘हे जर मला आधी माहीत असतं ना, तर बाइकचे सहा हप्ते होते गं यात.’

रिटर्न भरून झाल्यावर त्याने पहिला फोन आईला लावला. पैसे परत येणार हे सांगायला नाही. फ्लेक्स उतरवलाय का, ते विचारायला.