भंगारातला अँटेना आणि आपली पूर-बैठक

चिपळूणकरांनो, २२ जुलै २०२१ विसरला नसालच. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लाइट गेली, मग रेंज गेली. मी पत्रकार, बातमी माझ्या गच्चीखालून वाहत होती आणि पाठवायला काही नव्हतं. बहीण पलीकडच्या आळीत. ती सुखरूप आहे हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

तेव्हापासून पावसाळ्याआधीच्या आपत्ती बैठकांना मी न चुकता जातो. फोन नंबरांची यादी वाटतात. फोनच बंद पडले तर काय, असं विचारलं की चहा येतो.

गेल्या रविवारी मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका काकांच्या गच्चीवर होतो. त्यांच्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. डिश आल्यापासून कावळे बसायला उरलेला जुना टीव्ही अँटेना त्यांनी खाली काढला आणि त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या. एक ४९ सेंटिमीटरची, ती उभी. चार थोड्या लांब, त्या छत्रीच्या काड्यांसारख्या खाली ४५ अंशात. उभी नळी केबलच्या मधल्या तारेला, खालच्या चार बाहेरच्या जाळीला. खांब म्हणजे उरलेला पीव्हीसी पाइप. विकत आणलं ते फक्त सॉकेट आणि केबल.

१४५ मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटरची, तिचा पाव भाग म्हणजे अर्धा मीटर. एवढंच गणित. चार नळ्या आडव्या ठेवल्या तर अँटेना ३६ ओहमच्या आसपास दाखवतो, वाकवल्या की ५० च्या जवळ येतो, आणि सेटला ५० च हवे असतात. (डिप्लोमाला आम्हाला फॅक्स शिकवला, हे नाही.)

काका म्हणाले, "पत्रकारा, लोक महागडा सेट घेतात नि वर बोटाएवढा रबरी अँटेना ठेवतात. अरे, अँटेना उंच नेलास तरच फायदा!"

जादू नाही ही. या अँटेनाचा आवाज जवळपास सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की अडतो, आणि आपल्याकडे डोंगरच डोंगर. गावातल्या गावात, गच्चीवरून गच्चीवर मात्र चांगला चालतो. पुण्या-मुंबईशी बोलायचं तर ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे वेगळा सेट. तिथे उभा अँटेना दहा मीटरचा होतो, तार माडाला बांधता येते. पण काकांच्या मते एवढ्या जवळच्या अंतराला उभ्यापेक्षा आडवी तारच बरी.

परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे, हे आधीच सांगतो. पण रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा बारा वर्षांचं पोरही देऊ शकतं, मोर्सही लागत नाही. मीसुद्धा अभ्यासाला बसलोय.

नगरपरिषदेकडे माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक प्रभागात दोन परवानाधारक तयार करा. परीक्षेची फी भरा, आयटीआयच्या पोरांकडून असे अँटेना बनवून घ्या, सेटसाठी चार्ज केलेल्या बॅटऱ्या ठेवा. यादीत फोन नंबरांशेजारी कॉलसाइनचा एक रकाना वाढवा. पुढच्या बैठकीत हे लेखी देणार आहे. सोबत सही करायला कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.

आणि हो, छपरावर जुना टीव्ही अँटेना असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मी येऊन घेऊन जाईन.