ट्रम्पेट राहू द्या, दार उघडं ठेवा

चार ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, पियानो, बास आणि त्यांच्या जोडीला काँगा, बाँगो, टिंबाल्स. आफ्रो-क्युबन जॅझचा असा भरगच्च ताफा वाजू लागला की पहिल्या रांगेतल्या माणसाला सूर कानाआधी छातीत जाणवतात. अमेरिकेत या संगीताच्या ‘सेन्सरी-फ्रेंडली’, म्हणजे संवेदनस्नेही मैफली होऊ लागल्या आहेत. ज्यांना आवाज, प्रकाश, गर्दी, स्पर्श यांचा सामान्यांहून जास्त त्रास होतो, अशांसाठी त्या असतात. त्यांतल्या काही मैफलींना प्रवेशही मोफत असतो. हे ऐकणाऱ्याला पहिली शंका येते ती अगदी घरगुती: मिक्सर सुरू होताच जे मूल कानांवर हात दाबून स्वयंपाकघरातून पळतं, त्याला टिंबाल्ससमोर आणून बसवायचं? बासरीवाला नाही का मिळाला कुणी?

शंका काळजीपोटी येते, पण बोट भलत्या जागी ठेवते. अशा मैफलीत मवाळ व्हायला हवेत ते सभागृहाचे नियम. संगीताला हात लावायची गरज फार थोडी. आणि मोफत प्रवेश हा त्या नियमबदलाचाच भाग आहे, वरून शिंपडलेला दानधर्म नव्हे.

१९४३ साली बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्सचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा एक निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, वैद्यकीय इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मारिओ बाउझा हा क्युबन ट्रम्पेटवादक माचितोच्या वाद्यवृंदाकडून ‘तांगा’ ही रचना बसवून घेत होता. आफ्रो-क्युबन जॅझची पहिली रचना म्हणून तिचं नाव घेतात. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तरीही मघाच्या शंकेचं उत्तर कॅनरच्या त्या निबंधातच सापडतं.

व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटण्याचं यंत्र, प्रसंगी नुसता वारा, यांनीही ही मुलं घाबरून जात, अशी नोंद कॅनरनी केली. पण त्यांनी पुढचंही पाहिलं. तीच मुलं स्वतः तेवढाच मोठा आवाज करण्यात रमून जात. भीती आवाजाची नव्हती. न विचारता आत घुसणाऱ्या आवाजाची होती. निबंधातला पहिला मुलगा तर वर्षाचा असतानाच कितीतरी चाली बिनचूक गुणगुणायचा. पुढे २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये इंद्रियसंवेदनांची अतितीव्र प्रतिक्रिया आली, तशी अतिमंद प्रतिक्रियाही आली. हा दुसरा अर्धा भाग आयोजक हमखास विसरतात. काही मुलांना आवाज कमी नको, जास्त हवा असतो. त्यांना काँगाच्या लाकडी पोटाला तळहात लावून थरथर अनुभवायची असते. सगळ्यांसाठी आवाज सरसकट खाली ओढला की या मुलांची मैफल संपलीच.

आता हे संगीत आतून कसं चालतं ते पाहू. त्याच्या मुळाशी ‘क्लावे’ असते: दोन लाकडी काठ्यांवर वाजणारे पाच आघात, एका मात्राखंडात तीन, दुसऱ्यात दोन, किंवा उलट. आपल्याकडे ठेका जसा गायकाला धरून ठेवतो, तशी क्लावे अख्ख्या वाद्यवृंदाला धरून ठेवते. वाजली नाही तरी वादक ती मनात मोजत असतात. तिच्यावर बासची आवर्तनं, बासवर काँगाची, त्यावर पियानोची. प्रत्येकाची एक छोटी आकृती, पुन्हा पुन्हा तीच. पुढे काय येणार हे न कळणं ज्याला छळतं, त्याच्यासाठी या संगीताचे खांब पहिल्या मिनिटातच दिसू लागतात.

ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि काँगावादक चानो पोझो यांच्या ‘मांतेका’ या रचनेचंच उदाहरण घ्यावं. हवानाहून आलेल्या पोझोला पाश्चात्त्य स्वरलेखन येत नव्हतं. बास काय वाजवेल, सॅक्सोफोन काय वाजवतील, ट्रम्पेट कुठे शिरतील, हे त्यानं एकेक तोंडानं गाऊन दाखवलं आणि इतरांनी ते कागदावर उतरवलं. रचना ऐकतानाही ती तशीच थरांनी उभी राहते. आधी बास आणि काँगा, मग सॅक्सोफोन, मग ब्रास, आणि मग सगळा ताफा मिळून जो स्फोट करतो, तो मात्र खरोखर स्फोट असतो. अडचण इथे आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. या परंपरेत नवा खंड सुरू होण्याआधी टिंबाल्सवादक ‘अबानिको’ नावाची एक तडतडती उठाण घेतो. जाणकाराला ती सूचना असते की आता ब्रास येतंय. गंमत अशी की ही सूचनाच सगळ्यात टोकदार.

पण सूचना आधीच अस्तित्वात आहे, हेही काही कमी नाही. सुरुवातीला वादकानं नुसती अबानिको दोनदा वाजवून दाखवली, ‘ही ऐकली की तीन मोजा, मग ट्रम्पेट’ असं सांगितलं, बाजूला कुणी रंगीत फलक वर धरला, की तोच आवाज आगंतुक राहत नाही. ट्रम्पेटच्या तोंडात बसणारे म्यूट जॅझमध्ये शंभर वर्षांपासून वापरात आहेत. काही जागी ते लावले म्हणून रचनेचा अपमान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मनोरंजनस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. ती सर्वसाधारण श्रोत्यांसाठी. इथे ध्वनियंत्रकाला बरंच खाली राहावं लागेल, पण काँगाजवळची जागा आणि मागची भिंत यांत फरक ठेवूनच.

आवर्तनं सगळ्यांनाच भावतात असा सिद्धांत मात्र कुणी मांडू नये. स्वमग्न माणसांच्या आवडी इतर माणसांइतक्याच तऱ्हेवाईक असतात. या मैफलींची जाहिरात उपचार म्हणून करण्याची ओढ तर आवर्जून टाळावी. संगीतोपचार हे प्रशिक्षित माणसांचं वेगळं काम आहे. मैफलीला येणाऱ्या मुलाला बरं होण्याची अट का असावी? बाकीचे लोक जॅझ ऐकायला जातात तेव्हा त्यांच्यात काय सुधारणा झाली, हे कुणी मोजत नाही.

खुर्चीत हात बांधून, दिवे मालवून, शेवटी टाळ्या वाजवायच्या, ही शिस्त या संगीताची नव्हेच. ती युरोपच्या सिंफनी आणि ऑपेराची. १८७६ मध्ये बायरॉइथच्या नाट्यगृहात वॅगनरनं प्रेक्षागृहात अंधार केला, त्याच वळणाची. माचितो, तितो पुएन्ते, तितो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ५३व्या रस्त्याच्या पलेडियम बॉलरूममध्ये वाजत तेव्हा समोर नाचणारी गर्दी असे. क्युबन, पोर्तो रिकन, आफ्रिकन अमेरिकन, ज्यू, इटालियन, सगळे एकाच फरशीवर. मोंतुनो या भागात मुख्य गायक हाक देतो आणि कोरो, म्हणजे साथीचे गायक, ओ देतात. श्रोत्यानं त्यात आवाज मिसळला तर कुणाचं काही बिघडत नाही. गिलेस्पी आणि पोझो हे संगीत घेऊन कार्नेगी हॉलमध्ये गेले ते २९ सप्टेंबर १९४७ रोजी. खुर्च्यांशी त्याची ओळख त्या मानानं अलीकडची. तेव्हा रांगांमधल्या वाटेत डोलणारं, मध्येच ओरडणारं, गिरक्या घेणारं मूल या संगीताच्या जुन्या श्रोत्यांच्याच जवळचं आहे. सवलत मागायची तर ती गप्प बसणाऱ्यांनी मागावी!

संवेदनस्नेही कार्यक्रमांचा रंगमंचावरचा अनुभव या मैफलींआधीचा आहे. न्यूयॉर्कच्या थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेनं २ ऑक्टोबर २०११ रोजी ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा पहिला स्वमग्नस्नेही प्रयोग केला. लखलखाट करणारे दिवे काढले, ठरावीक जागांचा आवाज उतरवला, बाहेर शांत कोपरे ठेवले. नाटक तेच राहिलं. लिंकन सेंटरनं २०१८ मध्ये अशा मुलांसाठी ‘बिग अम्ब्रेला’ हा महोत्सवच भरवला. एव्हाना पद्धत बऱ्यापैकी रुळली आहे: प्रेक्षागृहातले दिवे अर्धे चालू, दारं उघडी, केव्हाही आत-बाहेर करण्याची मुभा, कान झाकायचे हेडफोन, हातात चाळा करायला काहीतरी, बाहेर एक शांत खोली, आणि आठवडाभर आधी घरी पोचणारी चित्रपुस्तिका. दरवाजा असा दिसतो, वाद्यं अशी दिसतात, टाळ्या वाजतात तेव्हा असा आवाज येतो. ही पुस्तिका सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात उपयोगी. या सगळ्याचा फायदा स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना आणि अर्धशिशीच्या माणसालाही होतो.

नजरांचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच पुस्तिकेत बसत नाही. २०१५ मध्ये लिंकन सेंटरला ‘द किंग अँड आय’च्या प्रयोगात चाबकाच्या प्रसंगी एक स्वमग्न मूल किंचाळलं आणि प्रेक्षक त्याच्या आईवर उखडले. त्या प्रयोगातल्या केल्विन मून लो या नटानं त्यानंतर जाहीरपणे आईची बाजू घेतली. उलट टोकाचा प्रसंग २०१९चा. बोस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये हँडेल अँड हायडन सोसायटीच्या मैफलीत मोझार्टची शोकरचना संपली, आणि त्या शांततेत एका नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून मोठ्यानं ‘वॉव’ निघालं. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. संस्थेनं त्या मुलाचा शोध घेतला. आजोबांबरोबर आलेला हा मुलगा एरवी फारसा बोलत नाही, असं कळलं. दोन्ही ठिकाणी घडलं एवढंच की मुलाला जे जाणवलं ते त्यानं त्याच क्षणी बोलून दाखवलं.

आता मोफतपणाबद्दल. ज्या घरात उपचारांचा खर्च दर महिन्याला ठरलेला असतो, तिथे चार तिकिटं घेऊन दहाव्या मिनिटाला बाहेर पडण्याची शक्यता परवडत नाही. मग ते घर जातच नाही. ‘केव्हाही उठा’ ही मुभा तिकिटाच्या किमतीनं आपोआप मागे घेतली जाते. प्रवेश मोफत असला की दहा मिनिटांची मैफलही पूर्ण मैफल ठरते.

वादकांनी मात्र फुकट वाजवू नये. याचा एक जुना मार्ग खुद्द ‘मांतेका’च्या शेजारीच सापडतो. ती रचना ध्वनिमुद्रित झाली ३० डिसेंबर १९४७ला, कारण १ जानेवारी १९४८पासून अमेरिकी वादक संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. कंपन्या धावपळ करून जमेल तेवढं मुद्रित करत होत्या. १९४८च्या अखेरीस जी तडजोड झाली तीतून एक विश्वस्त निधी उभा राहिला: रेकॉर्ड कंपन्यांनी त्यात पैसे घालायचे आणि त्यातून जनतेसाठी मोफत मैफली करणाऱ्या वादकांना मानधन द्यायचं. तो निधी आजही चालू आहे. तडजोड झाली त्याच महिन्यात हार्लेममध्ये चानो पोझोचा खून झाला. त्या वर्षानं वादकांच्या पदरात काय टाकलं, ते पाहायला तो उरला नाही. हार्लेमच्या रस्त्यांवर गाडीतून जॅझ फिरवणारी पियानोवादक बिली टेलर यांची ‘जॅझमोबिल’ १९६४ची. न्यूयॉर्कमध्ये मोफत जॅझ ही काही नवलाई नाही.

वेगळी मैफल म्हणजे वेगळी पंगत, असा आक्षेप काही स्वमग्न प्रौढच घेतात, आणि त्यात तथ्य आहे. वर्षातला एक दिवस मोकळा आणि उरलेले बंद, असं झालं तर तो आक्षेप खरा ठरेल. तरी सुरुवात वेगळ्या मैफलीनंच करावी लागेल, कारण आजवर बाहेर काढल्या गेलेल्या कुटुंबाला गर्दीच्या कार्यक्रमात ‘या, कुणी काही म्हणणार नाही’ असं सांगितलं तर ते विश्वास का ठेवील? आयोजकांनी तिथे कॅमेरे आणि प्रायोजकांचे फलक मिरवू नयेत, एवढं पथ्य मात्र हवं.

मराठी वाचकाला हे संगीत वाटतं तितकं परकं नाही. सी. रामचंद्रांनी १९५१च्या ‘अलबेला’त गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याच्या ताफ्याला हाताशी धरून ‘शोला जो भडके’ला बाँगोची चाल दिली, तेव्हाच ते भगवानदादांच्या पायांत आलं. कायदाही पाठीशी आहे: भारताच्या अपंगत्वाबाबतच्या २०१६च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याच्या २९व्या कलमानं सांस्कृतिक जीवनात बरोबरीनं सहभागी होण्याच्या हक्काची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. आपली बरीच नाट्यगृहं पालिकांचीच आहेत. काहींमध्ये मागच्या बाजूला काचेआडची ‘क्राय रूम’सुद्धा आहे, रडणाऱ्या मुलाला घेऊन आईनं बसायची. ती खोली शांत खोली म्हणून उघडणं, दिवे अर्धे ठेवणं, दाराशी हेडफोनची पेटी ठेवणं आणि त्या दिवशीचं वादकांचं मानधन सांस्कृतिक तरतुदीतून देणं, यासाठी नवी इमारत लागत नाही. फक्त २ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता जागृती दिनाला एकदाच फलक लावून उरकू नये. पहिल्या खेपेला खुर्च्या रिकाम्या राहतील, दुसऱ्या खेपेलाही राहतील. महिन्याचा तोच रविवार वर्षभर राखून ठेवायची तयारी असेल तरच जाहिरात द्यावी.