अर्धवट डबे कशासाठी साठवायचे?



स्नेहसंमेलनाचा पडदा असो, शिवजयंतीचा चित्ररथ असो की गणपतीचे मखर, ब्रशच्या जागी आता स्प्रे पेंट आला आहे. काम झटपट होते हे खरे. पण नंतर सोनेरी-चंदेरी रंगाचे अर्धवट डबे "पुढच्या वर्षी उपयोगी पडतील" म्हणून माळ्यावर जातात. ही काटकसर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्यात नुसता रंग नसतो. रंग, थिनरसारखे द्रावक आणि बहुधा प्रोपेन-ब्यूटेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाचाच गॅस, दाबाखाली भरलेला असतो. म्हणून डबा ५० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नये, अशी सूचना छापलेली असते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभ्या मोटारीची डिकी किती तापते, हे सांगायला नको. शिवाय ती सूचना बारीक इंग्रजीत! माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'ज्वलनशील' हा शब्द हिंदीत आणि मराठीत एकच, पण आमच्या कपाटातल्या डब्यांवर तो दोन्हींत नाही. मुलांनी वाचायचे तरी काय?

पुढे आपला बेळगावचा पावसाळा. ओल्या फरशीवर ठेवलेल्या डब्याची तळाची कड गंजते आणि गॅस हळूहळू निसटतो. मग डबा हाताला जड लागतो, पण रंग बाहेर येत नाही. न वापरलेला डबासुद्धा साधारण दोन-तीन वर्षांचाच सोबती. हलवताना आतली गोळी खडखडली नाही, तर रंग तळाशी घट्ट बसला असे समजावे. काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत बटण दाबले, तर तोंड बुजत नाही. बुजलेच, तर बटण काढून थिनरमध्ये भिजवावे. डब्याच्या तोंडात टाचणी मात्र कधीही घालू नये.

खरी भीती रिकाम्या डब्यांची वाटते. रिकामा म्हटला तरी आत थोडा गॅस उरतोच. पालापाचोळ्यात किंवा शिमग्याच्या होळीत तो पडला, तर फुटतो, आणि भोवती उभी असतात ती मुलेच.

विश्वस्तांना विनंती की एका कार्यक्रमापुरतेच डबे घ्यावेत, त्यांवर खरेदीची तारीख घालावी आणि मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरापासून दूर, कोरडे व हवेशीर कपाट द्यावे. पडद्यासाठी तर साधा रंग आणि ब्रशच बरा; मुलांचे दोन दिवस जातील, जाऊ देत.

आणि पालकहो, घरातले जुने डबे कृपया शाळेला देणगी म्हणून पाठवू नयेत.

– मुख्याध्यापक