पाठीमागे लावलेला रंग

दिवाळीच्या फराळात कारल्याची फोड कशाला, असे कोणी म्हणेल. पण सणाला घरातली सारी मंडळी एकाच पडद्यासमोर बसतात. त्या पडद्यावर काय चालले आहे, याचा विचार करायलाही हीच वेळ बरी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: नटाने खुशाल रंग लावावा, नटाच्या पाठीमागे त्याला कोणी रंग लावू नये.

सोंगाला आमचा विरोध नाही. १९१३ साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती झाले ते अण्णा साळुंके. आमच्या गावोगाव फिरणारा बहुरूपीही तोंडाला रंग फासतोच. पण तो आरसा समोर धरून, आपल्या हाताने फासतो. आणि बिदागी मागताना आपण बहुरूपी आहोत हे लपवीत नाही.

संगणकाची रीत निराळी. चित्रण संपते, नट घरी जातो आणि मग काम सुरू होते. कारागीर चित्रातल्या कातडीच्या छटा तेवढ्या निवडतो आणि त्या उजळतो वा गडद करतो. बुबुळाभोवती रेघ आखून दिली की चेहरा हलेल तशी यंत्र ती रेघ हलवीत नेते. सेकंदाला चोवीस चित्रे धरली, तर पाच मिनिटांच्या प्रवेशात ७,२०० चित्रे होतात. पूर्वी एकेकावर हात फिरवावा लागे. आता यंत्र ते काम उरकते. काळे डोळे घारे होतात, सावळा गाल गव्हाळ होतो, आणि ज्याचा गाल त्याला पत्ता नसतो.

कथेलाच तशी गरज असेल तर गोष्ट वेगळी. 'ड्यून' या इंग्रजी चित्रपटात वाळवंटातल्या लोकांचे डोळे निळे आहेत, कारण मूळ कथेतच ते तसे आहेत. १९८४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ते डोळे चित्रणानंतर रंगवले गेले. तिथे फसवणूक कोणाचीच नाही.

आपल्याकडचे दुखणे दुसरेच आहे. २०१९ साली सुरू झालेल्या 'रंग माझा वेगळा' या मराठी मालिकेत सावळ्या दीपाच्या भूमिकेसाठी रेश्मा शिंदे यांना सावळी रंगभूषा करण्यात आली. त्यांच्या अभिनयाला आम्ही नावे ठेवीत नाही. रंगभूषा तर त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. पण सावळेपणाचे दुःख सांगायला या महाराष्ट्रात सावळी नटी मिळू नये? रंगभूषेला निदान रोज आरशापुढे बसण्याचे कष्ट होते. यंत्राने तेही वाचवले, की सावळीला उजळ आणि गोरीला सावळी करणे हे कळ दाबण्याइतके सोपे होणार.

निर्माते म्हणतील, पैसा आमचा, चित्रण आमचे. 'रांझणा' हा २०१३ चा चित्रपट ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळमध्ये पुन्हा झळकला, तेव्हा मेलेला नायक यंत्राच्या साह्याने जिवंत केलेला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला. ज्यांना शेवट बदलताना नटाला विचारावेसे वाटत नाही, ते गालाचा रंग बदलताना विचारतील काय?

कायदा आहे, असे कोणी वकील सांगतील. आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३८ब आले, आणि आपल्या कामाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क नटाला मिळाला. पण मेख पाहा! 'मला गोरे केले, माझी अब्रू गेली' असे या देशात कोण म्हणणार? इथे गोरे करणे हा उपकार मानला जातो. १९७५ पासून गोरेपणा विकणाऱ्या मलमाने २०२० साली नावातून गोरेपणा काढला. मनातून तो कोणी काढायचा?

आणि आम्ही वऱ्हाडकर? अमरावती हे चित्रपट-वितरणाचे जुने ठाणे. मुंबईचे चित्रपट इथल्या कचेऱ्यांतून गावोगाव गेले. पडद्यावरचा रंगही त्यांच्याबरोबर घरात आला. 'पोरगी साजरी हाये, पन सावळी हाये' हे वाक्य कोणत्या बैठकीत ऐकू येत नाही? लग्नाच्या चित्रफितीतली नवरी 'जरा उजळ' करून मागणारे आपणच ना? ती मुलगी दहा वर्षांनी चित्रफीत पाहील तेव्हा तिला कळेल, की आपल्याच लग्नात आपल्याला आहे तसे कोणाला पाहायचे नव्हते.

अकोल्याच्या बाजारात जाणता माणूस कापसाचा कस चिमटीत तंतू ओढून जोखतो. नुसत्या पांढऱ्या रंगावर भुलणाऱ्याचे दिवाळे निघते. कापसापुरते शहाणे असलेले आम्ही माणसांच्या बाबतीत इतके खुळे का व्हावे?

आमची मागणी मोठी नाही. रंग बदलायचा तर करारात तसे स्पष्ट लिहा, नटाची सही घ्या, आणि पडद्यावर आरंभीच प्रेक्षकांना सांगा. सावळ्या भूमिकेला आधी सावळे माणूस शोधा. प्रेक्षकांनीही आपल्या घरच्या चित्रफितीपासून आरंभ करावा: व्हिडिओवाल्याला बजावावे की नवरी आहे तशीच दिसू दे. काळ्या मातीचे अन्न खाणाऱ्यांनी काळ्या रंगाची लाज बाळगणे, हे खाल्ल्या घरचे वासे मोजणे आहे.