सहा जण गाणार, बाकीचे काय करणार?

युवा महोत्सव जवळ आला की कॉलेजच्या एखाद्या रिकाम्या वर्गातून समूहगीताची प्रॅक्टिस ऐकू येते. नियमाप्रमाणे गाणारे जास्तीत जास्त सहा. ऑडिशनला आलेले बाकीचे? ते हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवणार. आणि महोत्सव संपला की ते सहा जणही गायचे थांबतात!

रॉबर्ट शॉ हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल. अमेरिकेतले हे मोठे कोरस-संचालक. १९१६ साली कॅलिफोर्नियात जन्मले. संगीताची पदवी नव्हती. सुरुवात झाली ती पोमोना कॉलेजच्या गायनमंडळातून. तिथून बँडलीडर फ्रेड वेअरिंग यांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावलं. १९४१ मध्ये त्यांनी 'कॉलेजिएट कोरल' हा वृंद सुरू केला. त्यात गोरे-काळे एकत्र गायचे, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. स्वरलेखन, रचनाशास्त्र वगैरे ते नंतर, काम करता करता शिकले.

पण खरी मजा त्यांच्या तालमीत होती. गाण्याचे शब्द बाजूला ठेवायचे आणि त्याच सुरांवर, हलक्या आवाजात, आकडे गायचे: वन-अँड-टू-अँड-टी-अँड-फोर. 'थ्री' उच्चारायला वेळ लागतो, म्हणून 'टी'! असं केलं की कोण अर्धी मात्रा मागे आहे ते लगेच कळतं. शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय तुम्हाला गाताच येत नाही. अटलांटामधल्या त्यांच्या मोठ्या कोरसमध्ये बिनपगारी, हौशी गायक असायचे. त्यांना ते 'प्रिय लोकहो' अशी सुरुवात करून पत्रं लिहायचे.

'कोरस आपला नाही, आपलं संगीत एकट्याचं' असं कुणी म्हणेल. मग भजनी मंडळ काय करतं? मात्रा मोजणं तर आपल्याला लहानपणापासून येतं.

रिअ‍ॅलिटी शोने आपल्या डोक्यात बसवलंय की गाणं म्हणजे एक माइक, एक गायक आणि तीन जज. 'तुझा आवाज नाही गं' हे एकदा ऐकलेली मुलगी पुन्हा गातच नाही. तिच्यासाठी कॉलेजमध्ये आठवड्यातून एक तास, एक पेटी आणि एक वर्ग, एवढं मागायला काय हरकत आहे? स्पर्धा नको, ट्रॉफी नको. सांस्कृतिक विभागाच्या सरांना विचारून तर बघा. वर्गाची किल्ली त्यांच्याकडेच असते.