‘चवीनुसार’ म्हणजे किती?

“डॉक्टर, आईंसाठी ही नवी कृती करू का?” असे साताऱ्याच्या माझ्या दवाखान्यात पुष्कळदा विचारले जाते. मी प्रथम मिठाचे माप पाहतो.

सांगलीच्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, म्हणून नवशिक्यांनाही त्या पुस्तकाचा आधार वाटला. ‘मीठ चवीनुसार’ हे शब्द मात्र वार्धक्यात दगा देतात. वयाबरोबर जिभेची संवेदना मंदावते. चव लागेपर्यंत मीठ वाढत जाते आणि त्याबरोबर रक्तदाबही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ घ्यावे. चौघांच्या आमटीत असे दोन चमचे पडले, तर प्रत्येकाची निम्मी मर्यादा तिथेच संपते, लोणचे-पापड निराळेच.

तरीही कृती टाकून देऊ नये. मीठ मोजून निम्मे करावे. लिंबू, जिरे, कोथिंबीर यांनी चव राखावी. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असल्यास ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

आणि बेचव म्हणून ताट परत आले, तर ती पथ्याची कृतीही फसलीच असे समजावे. उतारवयात पोटभर जेवण हेही औषधच आहे.